घरातली एकच नवी वस्तू

कुठलीही वस्तू घरी आणली की काका आधी तिच्या पाठीवर दोन टिचक्या मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "आतून फर्स्टक्लास आहे! नवं कायकू घ्यायचं?"

विद्यानगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. टीव्ही, मिक्सर, मोबाइल, सगळं कुणीतरी वापरून टाकलेलं आणि दुकानदाराने दुरुस्त करून, पुसूनबिसून पुन्हा विकलेलं. अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील, पण यांचा उत्साह काही औरच! त्यांचा मिक्सर लागला की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. एकदा मी जिन्यात गाठून कुरकुर केली, तर म्हणाले, "नक्को बाई, रागवू नक्को. म्हातारा आहे तो, जरा खोकतो." आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

मग काकूंची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. काकांनी तेही तसलंच आणलं. हिरवा दिवा लागला, मशीन घुमायला लागलं, टिचक्या मारून झाल्या. "फर्स्टक्लास!"

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचं छोटं यंत्र मात्र त्यांच्या लेकीने नांदेडहून नवंकोरं पाठवलं होतं. त्या घरात तेवढंच नवं.

एका संध्याकाळी मी भाजी घेऊन वर गेले, तर काकू नाकातली नळी चाचपत म्हणत होत्या, "अहो, यातून नुसती हवाच येतेय हो."

"मग काय आमरस येणार?" काका म्हणाले. काकूही हसल्या, आणि हसताना त्यांना धाप लागली.

बोटावरच्या यंत्रातला आकडा खाली खाली चालला होता. काकांनी ते झटकलं, पुन्हा लावलं, पुन्हा झटकलं. "बघितलंस? नवं घेतलं की हे असं. खोटं बोलतंय."

"काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या," मी म्हटलं.

"नक्को गं, मशीन चालू आहे ना! सकाळी बघू."

सकाळी नेलं. काकू परत आल्या नाहीत.

नंतर दुरुस्तीवाल्याने मशीन तपासलं. ऑक्सिजन वेगळा काढणारा आतला भागच निकामी होता. मोटार चालत होती, दिवा लागत होता आणि नळीतून खोलीतलीच हवा येत होती. त्या दुकानदाराला मी मनसोक्त शिव्या दिल्या. काकांनी एकही दिली नाही.

आता काकाही नाहीत. वर दुसरे भाडेकरू आलेत, आमची भांडी गप्प असतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

आठवते ती एक दुपार. भंगारवाला मशीन मागायला आला होता. काकांनी त्याला हात जोडले. "नक्को बावा. उद्या हे दुरुस्त होऊन कुणाच्या तरी घरी जाईल." आणि सगळं सुटं करायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसले.

उघडण्याआधी त्यांनी ते एकदा चालू केलं. काकूंची नळी स्वतःच्या नाकाला लावली आणि कितीतरी वेळ नुसते श्वास घेत राहिले.

मग रिकाम्या पलंगाकडे बघून म्हणाले, "खरंच गं. हवाच येतेय."