काकू चहाला येतात तेव्हा

शेजारचे काका रिटायर्ड इंजिनिअर. गॅरेजमध्ये घरच्या घरी बिअर करतात. त्यासाठी पाणी तापवायच्या प्रोपेन गॅसच्या बर्नरला त्यांनी स्वतःच ऑटोमॅटिक कंट्रोल बसवलाय. पाणी गार झालं की बर्नर आपोआप पेटतो, हवं तेवढं तापलं की विझतो.

प्रत्येक वाक्यानंतर ते "काय?" म्हणून थांबतात, आपण मान हलवेपर्यंत. "सगळं ऑटोमॅटिक आहे, काय? घाबरायचं कारण नाही, काय?"

एकदा मी विचारलं, "ज्योत पेटलीच नाही आणि गॅस येतच राहिला तर?"

"त्याला सेन्सर आहे," म्हणाले. त्या वाक्यानंतर "काय?" आलं नाही.

दर शनिवारी बर्नर सुरू करायच्या आधी ते काकूंना आमच्याकडे चहाला पाठवतात. काकू दारात दिसल्या की मी खुर्च्या खिडकीपासून लांब ओढते. आमचं किचन त्यांच्या गॅरेजच्या अगदी समोर आहे. आम्ही दोघी बर्नर पेटल्याच्या आवाजाची वाट बघतो. तो आला की मगच काकू बिस्कीट उचलतात.

या शनिवारी काकू आल्या नाहीत. काका पाना घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते.

"काकू कुठेयत?" मी विचारलं.

"आज नवा बर्नर आहे, मोठा," ते म्हणाले. "तिला चहाला पार तासभर लांब, एडिसनला पाठवलंय."