बालवर्गाचं सर्टिफिकेट
कुंभारवाड्यावरून जाताना ओल्या मातीचा वास आला की मला साताऱ्याचा तो वर्ग आठवतो. मालक लढाईवर गेले ते परत आलेच नाहीत. मी सातवी पास, पदरात दीड वर्षाची लेक. पुढं शिकायची साताऱ्याला चौकशी केली, तर शास्त्राच्या नि व्यापाराच्या वर्गांना मॅट्रिक हवी होती. मला उरला तो बालशिक्षणाचा एक वर्षाचा वर्ग. वसतिगृहात मूल ठेवता येत नव्हतं. पलूसला जाऊबाईंनी लेकीला कडेवर घेतलं नि म्हणाल्या, “जा तू. मी हाय की.” वर्षभर मी मातीचे प्राणी करायला शिकले, रडणाऱ्या पोरांना रमवायला शिकले. सर्टिफिकेट घेऊन परतले तेव्हा लेक अंगणात खेळत होती. वर्गातल्या बाईंनी शिकवलं होतं तशी मी खाली बसले, हळू बोलले, मातीचा बैल पुढं केला. तिनं तो घेतला नाही. धावत जाऊन जावेचा पदर धरला नि विचारलं, “आई, ही कोण हाय?” जाऊबाई ओशाळल्या. “आगं, हीच तुजी आई,” म्हणाल्या, तशी पोर किंचाळून रडायला लागली. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला उचलून उराशी धरलं. “द्या माझी पोर” एवढं म्हणायचं होतं, पण मी मातीचा बैल उंबऱ्यावर ठेवला नि मागं सरले. आठवड्याच्या आत लेकीला जाऊबाईंकडंच ठेवून मी तासगावला बालवर्गावर रुजू झाले. लेकीच्या लग्नात अक्षता टाकल्या त्या चुलती म्हणून. आज तिला नातवंडं आहेत, आणि ती मला अजून काकूच म्हणते.