पोटरीतली जाळी

प्लास्टर निघालं, तेव्हा बायकोला चालताना आधार द्यायला गेलो आणि तिच्या चांगल्या पायावर पाय दिला. दुसऱ्या पायाची पोटरी पार सुकली होती. ती पूर्वीसारखी चालेल ना, या विचाराने मीच घरभर येरझारा घालतोय.

जीवशास्त्र शिकणारी लेक म्हणाली, "बाबा, स्नायूच्या पेशीत बारीक धाग्यांची जाळी असते. स्नायू कितीही आखडला, सैलावला, तरी ती आतलं सगळं जागच्या जागी धरते. पडून राहिलं की विरते, चाललं की पुन्हा विणली जाते."

प्रत्येक पावलाला पोटरी थरथरते. आत ते धागे गाजावाजा न करता धरून आहेत, आणि बाहेर मी, नुसते हात पसरून मागे मागे.

भिंत धरत ती खिडकीपर्यंत गेली, वळली.

"अहो, परत येतेय मी. तुम्ही तेवढे वाटेतून बाजूला व्हा."