तीन स्टोव्ह, दोन सह्या

पोस्टवर आम्ही चौदा जण होतो आणि रॉकेलचे तीन स्टोव्ह. उंची साडेसोळा हजार फूट. मी हुद्द्याने नायक, कामाने कुक. सैन्यात कुक होतो म्हटलं की आमच्या गावी, नागावात, लोक अजून हसतात. "म्हणजे काका, तुमची लढाई भाकऱ्यांशी!" हसा लेकांनो. तिथे बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला पाणी मिळत नाही, आणि स्टोव्ह पेटल्याशिवाय बर्फ वितळत नाही.

दर शनिवारी सकाळी सातला स्टोव्हची परेड. टाकी रिकामी करायची, तळाशी साचलेलं पाणी काढायचं, रॉकेल गाळणारी जाळी धुवायची, निपलला पिन मारायची, पंपाच्या वॉशरला तेल द्यायचं. मग रजिस्टरमध्ये दोन सह्या. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. करणारा मी. तपासणारा लान्स नायक सदा म्हात्रे, उरणकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. अख्ख्या पोस्टवर माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच. प्रत्येक जाळी उजेडाकडे धरून बघायचा. माझं डोकं फिरायचं.

"काय रे, मुलगी बघायला आलायस का?"

"मुलगी एकदाच बघतात. ही दर शनवारी बघाया लागते."

त्या शनिवारी आमच्या पलटणीचे सीओ साहेब चॉपरने येणार होते. सुभेदार साहेबांचा हुकूम होता, "कुकहाउस चमकना चाहिए." मी पहाटेच दुपारचंही रांधून ठेवलं आणि मग पितळी टाक्याच घासत बसलो. तोंड दिसेल इतक्या लखलखीत केल्या. आत मात्र एकही उघडली नाही. रॉकेलचा नवा जेरीकॅन फोडला, टाक्या भरल्या आणि रजिस्टरवर सही ठोकली.

सदा नऊ वाजता गस्तीवर निघत होता. मी रजिस्टर पुढे केलं.

"तपासतोस?"

"तू केलास ना? मंग झाला. दे पेन."

त्याने सही केली. खरं सांगायला तेवढी एक वेळ होती, मी रजिस्टर मिटलं.

बाराला हवा बिघडली. चॉपर आलंच नाही. 1540 ला वायरलेस सेट वाजला, पलीकडे गस्तीची तुकडी होती.

"एक जवान बर्फ में दबा था. निकाल लिया. गरम पानी तैयार रखो. ओव्हर."

"कौन है? ओव्हर." मी विचारलं.

"म्हात्रे. ओव्हर."

पहिला स्टोव्ह भडकला, काळा धूर ओकला आणि विझला. दुसरा तसाच. तिसरा पेटलाच नाही. उघडून पाहिलं तर तळाशी साचलेलं पाणी जाळीत गोठून बसलेलं. बर्फ सुटावा म्हणून तीनही जाळ्या मी शर्टाच्या आत छातीला लावल्या. घाईत दोन पिना मोडल्या. बंकर उबदार ठेवणाऱ्या बुखारीवर एक मग पाणी कोमट झालं, तेवढंच.

1610 ला त्याला आणलं. ओठ निळे पडले होते. गरम पाण्याच्या बाटल्या त्याच्या अंगाशी लावायच्या होत्या आणि त्या रिकाम्या पडल्या होत्या. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"चाय?"

"होतेय रे. होतेच आहे."

त्या दिवसातलं हे माझं दुसरं खोटं. सदा 1640 ला गेला. पहिला स्टोव्ह 1655 ला पेटला.

नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "पानी होता तो भी नहीं बचता. मत सोच." असेलही. रजिस्टर घेऊन मी सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो, सगळं सांगितलं. शिक्षा झाली. माझ्या हिशेबाने कमीच.

आता नागावात माझा होमस्टे आहे, पाच खोल्यांचा. बायको वारली, मुलगी पुण्यात. शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते, आणि सोमवारी दुपारी शेवटची गाडी गेली की घर खायला उठतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात बसतो. शेगडीचे बर्नर सोडवतो, भोकांतून तार फिरवतो, गॅसची नळी वाकवून चिरा बघतो. मिक्सरच्या भांड्यांचे वॉशर काढून धुतो. खाऱ्या हवेने फ्रिजच्या मागे गंज धरतो, तो घासतो. आजवर एकाही पाहुण्याचा चहा अडलेला नाही.

शेजारीण कुंपणावरून विचारते, "काका, आज काय बिघडला?"

"काही बिघडलं नाही. म्हणूनच उघडलंय."

ती हसते आणि जाते. मग पुन्हा माझा आवाज ऐकणारं कोणी नसतं.

सगळं जोडून झालं की मी रजिस्टर काढतो. इथेही रकाने दोनच आहेत. पहिल्यात सही करतो. मग उठून बर्नर पुन्हा खोलतो आणि एकेक दारातल्या उजेडाकडे धरून बघतो, तो बघायचा तसा, सावकाश. दुसऱ्या रकान्यात काही लिहीत नाही. ती सही लान्स नायक सदा म्हात्रेची आहे, आणि ती मी एकदा फसवून घेतली होती.