मॅडमच्या टेबलावरचा करंडा

झाशी स्टेशनवर आम्हाला पोचवायला अकरा माणसं आली होती आणि अकराही जण मला हसत होते. माझी लेक माधवी शिकायला कॅनडाला निघाली होती, बरोबर तिची सात वर्षांची पिहू, आणि दोघींबरोबर मी. वहिनीने माधवीच्या हातावर दही घातलं, पिहूच्या घातलं, मग माझा हात धरून म्हणाली, "भावजी, अभ्यास करा हो. यंदा तरी नापास होऊ नका." शेजारचे मिश्राजी ओरडले, "चाचा, इकहत्तर की उमर में एडमिशन हो गया! बधाई हो!" मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लोक हसणारच. मी टोपी सारखी केली आणि डब्यात चढलो.

त्यांना काय ठाऊक, माझ्या मनात काय होतं ते.

जावई गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. माधवी इथे इंटर कॉलेजात शिकवत होती, पगार वेळेवर, घर आपलं. आणि एके दिवशी म्हणाली, मला मातीवर पुढचं शिकायचंय, तिकडच्या विद्यापीठाने बोलावलंय, वजीफा देतात, म्हणजे शिष्यवृत्ती, राहायला घर देतात. मी म्हटलं, "मातीत शिकायला काय ठेवलंय? मऊरानीपुरला जा, कुठलाही शेतकरी फुकट शिकवेल." ती म्हणाली, "बाबा, मी विचारत नाहीये, सांगतेय." माझीच लेक. आता कोणाला रागवायचं!

मग मी म्हटलं, मीही येतो, पिहूला कोण बघणार. हे तोंडावरचं. पोटातलं असं, की ही वर्षाच्या आत थकेल. परक्या देशात एकटी बाई, लहान पोर, वर अभ्यास. थकली की हात धरून आणायला कोणीतरी जवळ हवं. मी लेकीला शिकवायला नाही, परत आणायला चाललो होतो.

आता तिथलं सांगतो, कारण आपल्या समाजातली बरीच मुलं बाहेर गेलीत आणि त्यांचे आईबाप इथे फोनकडे बघत बसलेले असतात. विद्यापीठाच्या आवारातच बालबच्चेवाल्या विद्यार्थ्यांसाठी घरं होती. दोन खोल्या. भिंती अशा की शेजारी शिंकला तर आपण 'जीते रहो' म्हणावं, पण शेजारी कोण ते महिनाभर कळलं नाही. झाशीत मी सकाळी दार उघडलं की दूधवाल्यापासून पानवाल्यापर्यंत दहा जणांशी बोलून होतं. तिथे दार उघडलं की बर्फ. माधवी आठ वाजता जायची, पिहू शाळेत, आणि मी खिडकीत. बिजौलीच्या कारखान्यात चाळीस वर्षं खराद मशीनवर, म्हणजे लेथवर, उभा राहिलेलो मी, कानात मशीनचा आवाज नसला तर मला स्वतःचं म्हातारपण ऐकू येतं.

पहिले चार महिने मी रोज संध्याकाळी एकच विचारायचो, "जमतंय का गं?" ती म्हणायची, "जमतंय." पण ती भाताच्या कुकरसमोर उभ्या उभ्या झोपायची. एकदा मी तिला न्हाणीघरात रडताना ऐकलं. दार वाजवलं नाही. मनात म्हटलं, होळीपर्यंत झाशी.

तळघरात कपडे धुवायची मशीनं होती, सगळ्या इमारतीला मिळून सहा. एक दिवस त्यातलं एक माझे कपडे पोटात घेऊन बंद पडलं. मी त्याला बुंदेलीत अशी काही सुनावली की मागून कोणीतरी हसायला लागलं. दाढीवाला, तिशीचा माणूस. म्हणाला, "चचा, मतलब नहीं समझा, मगर मज़ा आ गया." हा इमरान, मुलतानचा, तिथे डॉक्टरेट करत होता. त्याने मशीन कसं सोडवायचं ते दाखवलं. दुसऱ्या रविवारी तो घरी आला आणि माझ्या हातची आमटी तीन वेळा घेतली. तेव्हापासून रविवारी पाच-सहा जण यायला लागले, कोणी कुठला, कोणी कुठला. पिहू म्हणायची, आजोबा, तुमची मेस झालीय. मी फुगायचो, पण दाखवायचो नाही.

होळी गेली. आम्ही तिथेच.

मग माधवीची मोठी परीक्षा आली. दुसऱ्या वर्षात जायचं तर तीन प्राध्यापकांसमोर बसायचं, ते विचारतील ते सांगायचं. पास नाही तर सगळं संपलं, वजीफा बंद, घर खाली करायचं. तिघांतल्या एका मॅडमना मी ओळखत होतो. पिहूला शाळेतून आणताना आम्ही त्यांच्या खोलीवरून जायचो, त्या हात हलवायच्या, एकदा पिहूला रंगीत दगड दिला होता.

आता आपल्याकडची रीत. मास्तरांकडे परीक्षेच्या आधी रिकाम्या हाताने कोण जातं? माझे वडील मला शाळेत घालायला गेले तेव्हा नारळ आणि पंचा घेऊन गेले होते. आणि ह्या तर बाईमाणूस. माझी बायको असती तर तिने ओटी भरली असती. ती नाही, तर तिचा चांदीचा कुंकवाचा करंडा माझ्या पेटीत होता. मी खण घेतला, नारळ मिळाला तो केसाळ, तसाच घेतला, वर करंडा. पिहूकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली: 'माधवीच्या वडिलांकडून, गुरुवारच्या परीक्षेसाठी.' मॅडम खोलीत नव्हत्या. दार उघडं होतं. टेबलावर सगळं नीट मांडलं, नमस्कार केला आणि आलो. माधवीला बोललो नाही. म्हटलं, पास झाल्यावर सांगू, खूश होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती घरी आली. चेहरा पांढरा. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठीच, हा माझा नियम, तिने लहानपणापासून पाळलेला. त्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आपने ये क्या कर दिया?" मी नियमाची आठवण करून दिली नाही.

झालं असं होतं, की तिथे परीक्षेच्या आधी परीक्षकाला वस्तू देणं म्हणजे लाच. मॅडमनी करंडा पाहून ताबडतोब वर कळवलं, तसं कळवायचाच नियम आहे. परीक्षा थांबली. चौकशी होणार. मुलीने बापाकडून पाठवलं असं ठरलं तर परीक्षा राहिलीच, नावही काढून टाकतील.

आता खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. हे ऐकल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की चला, आता झाशी. एक क्षणभर मला बरं वाटलं. मग मी माधवीकडे पाहिलं. ती मुकाट्याने टेबलावरचे कागद गोळा करत होती, एकेक सरळ करून, जणू कोणी ते मागायला दारात उभं आहे. जावई गेले तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर अशीच त्यांचे रिपोर्ट लावत बसली होती. ही थकली नव्हती. तिच्या हातून काढून घेतलं जात होतं, आणि काढणारा मी.

चौकशीला मला बोलावलं. माधवीने माझ्यासाठी बोलायचं नाही, म्हणून इमरान दुभाषी म्हणून आला. समोर दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष, आणि पाण्याचा ग्लास. इमरान म्हणाला, "चचा, ये पूछ रहे हैं, तोहफ़े के बदले में आप क्या चाहते थे?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "इनसे कहो, झाँसी में मास्टर के यहाँ खाली हाथ जाना बदतमीज़ी है. मैं घूस देनेवाला आदमी दिखता हूँ?"

इमरान हळूच म्हणाला, "चचा, मैं ये कह दूँ? बेटी का सोच लो."

आमच्या कारखान्यात एक रीत होती. जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, बिघडला तर लपवायचा नाही, फोरमनच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, मुझसे बिगड़ा. माझ्याकडून चाळीस वर्षांत दोनदा बिघडला आणि दोन्ही वेळा मी लोखंडाला दोष दिला. फोरमनला ठाऊक होतं, मलाही. घरातही मी कधी कोणाला 'चुकलो' म्हटलेलं नाही, बायकोला तर नाहीच, आणि ती ऐकायला आता नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, "इमरान, लिखवा दो. काम मेरे हाथ से बिगड़ा है. लड़की को पता भी नहीं था. माल में कोई खोट नहीं, आप ठोक-बजाकर देख लो. जितना कड़ा देखना है, उतना कड़ा देखो. बस देखो ज़रूर."

इमरानने सांगितलं. बराच वेळ लागला त्याला. समोरची बाई लिहीत होती, ती थांबली आणि माझ्याकडे बघून तिने काहीतरी विचारलं. इमरान म्हणाला, "पूछ रही हैं, बेटी काम क्या करती है." मी म्हटलं, "मिट्टी का." पहिल्यांदाच हे मी नाक न मुरडता म्हटलं.

करंडा पावती करून परत मिळाला. मॅडमच्या जागी दुसरा परीक्षक बसवला आणि तीन आठवड्यांनी परीक्षा झाली. मी बाहेर बाकावर होतो. दोन तास. दार उघडलं, माधवी आली, माझ्याशेजारी बसली आणि तिने चपला काढून पाय वर घेतले, लहानपणी घेत असे तसे. म्हणाली, "झालं, बाबा. पास." मी म्हटलं, "किती कडक विचारलं?" म्हणाली, "खूप." मला इतकं हलकं वाटलं की उठता येईना. तिलाच हात द्यावा लागला.

दिवाळीच्या आधी मी परत आलो. एकटा. व्हिसा वाढवता आला असता, पण पिहू आता शाळेनंतर तिथेच थांबते, आणि रविवारची आमटी माधवी करते, इमरान म्हणतो चचासारखी नाही. मला ऐकून बरं वाटतं, आणि तो फोनवर खोटं बोलतो हेही कळतं.

घरात आता मी एकटा. दूधवाला, पानवाला, सगळे तसेच. मला वाटलं होतं, परत आलो की सुटलो. सुटलो खरा, पण इथे पोचलो म्हणून नाही. सुटलो परीक्षेच्या खोलीबाहेरच्या त्या बाकावर. माझ्यासारखा कोणी फोनकडे बघत बसला असेल तर त्याला एवढंच सांगेन, मूल परत कधी येणार हे विचारायच्या आधी त्याला तिथे झोप लागते का, ते विचारा.

परवा मिश्राजी माझ्या दारासमोरच्या कट्ट्यावर भेटले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, आप तो बिटिया को लेने गए थे ना? घर कब आ रही है?"

मी म्हटलं, "घर पे ही है."

त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. मी ते उघडलं आणि त्यांना चहाला आत बोलावलं.