पावन्याच्या नावावरची फटफटी

आमच्या अंगणात चांगली चालती फटफटी उभी होती. चावी खुंटीला, टाकीत पेट्रोल, आणि पावना रोज सकाळी मिठागराच्या बांधावरून चालत बंदरात कामाला जायचा. सगळ्या गावाने हे बघितलं. कोणी म्हणे, गोऱ्याला चालवता येत नाही. कोणी म्हणे, कंजूस आहे. मी बायकोला म्हटलं, याच्या डोक्याचा नट ढिला आहे. पण त्याला चालवता येत होती आणि नटही घट्ट होता. फटफटी त्याच्या नावावर झाली नव्हती, एवढंच कारण.

पावना म्हणजे पाहुणा. हे नाव आमच्या हिने पाडलं, कारण त्याचं खरं नाव आमच्या जिभेवर काही बसलं नाही. फिनलंड म्हणून देश आहे, तिकडचा तो. न्हावा शेवाला कंटेनर उचलणाऱ्या अवाढव्य क्रेन आहेत, त्यांच्या दुरुस्तीसाठी कंपनीने त्याला आणलेला. कंपनीने शहरात फ्लॅट दिला होता. तो सोडून हा आमच्या माडीवर भाड्याने आला. का, तर खिडकीतून मिठागर दिसतं. मी जन्मभर त्या मिठागरात पाय कुजवले, त्यात बघण्यासारखं काय ते मला कळलं नव्हतं. उंच एवढा, की माडीच्या दारातून आत शिरताना देवाला वाकल्यासारखा वाकायचा. मराठी बंदरातल्या पोरांकडून शिकला, म्हणून सगळ्यांना 'तू'. मला काका, हिला काकी, पण तू. त्याच्या तोंडी ते कधी उद्धट वाटलं नाही.

त्याची एक खोड होती. कुठे काही दिसलं की विचारायचा, "नाव कोणाचं?" होडी दिसली, नाव कोणाचं. माड दिसला, नाव कोणाचं. भटकं कुत्रं दिसलं तरी तेच. पहिल्या दिवशी चहाचा कप हातात घ्यायच्या आधी त्याने हिला विचारलं, "काकी, तुझं नाव काय?"

ही पदर तोंडाला लावून हसली. "मथुरा," म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. लग्नापासून मी तिला 'अगो' म्हणत आलो. पोरी आये म्हणायच्या, गाव काकी म्हणायचं. तिच्या तोंडून तिचं नाव मी किती वर्षांनी ऐकलं, देव जाणे.

ही दोघं चुलीपाशी बसून तासन्‌तास बोलायची. तो म्हणाला, "आमचा समुद्र थंडीत दगड होतो. त्याच्यावर गाडी चालते." मी म्हटलं, खारं पाणी असं गोठतं कसं? तो म्हणाला, "आमच्याकडे मीठ कमी." तर ही लगेच, "मीठ न्हाय त मासली कशी लागल रं? सपक?" सपक म्हणजे काय ते तिने त्याला बिनमिठाची आमटी चाखवून सांगितलं. त्या दिवसापासून तो आपल्या देशातल्या निम्म्या गोष्टींना सपक म्हणायला लागला. मी मात्र रात्रभर त्या गोठलेल्या समुद्राचा विचार करत पडलो. मिठाचं काम करणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये.

फटफटी माझ्या मेव्हण्याची. तो नागावला, हिच्या माहेरी असतो, पर्यटकांना खोल्या देतो. त्याने चारचाकी घेतली आणि फटफटी पावन्याला विकली. रेवसहून लाँचमध्ये चढवून करंजाला उतरवली, तिथून त्यानेच आमच्या अंगणात आणून लावली. ती बघून हिचे डोळे चमकले. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पावलं टाकली की दम लागायचा. एसटीत चढणं बंद झालं होतं, रिक्षात जीव गुदमरायचा, त्यामुळे माहेरही बंद. ती म्हणाली, "पावन्या, मना नागावला नेशील या गारीवर? तोंडाला वारा लागंल."

"नेणार," तो म्हणाला. "पहिली फेरी तुझी. नाव झालं की."

मी त्याला समजावलं. अरे, गावात निम्म्या गाड्या दुसऱ्याच्या नावावर आहेत. आमच्या आळीत एकाची गाडी मेलेल्या आजोबाच्या नावावर आहे. ज्या माणसाने जन्मात सायकल चालवली नाही, त्याच्या नावाने दंडाची चलनं येतात. पावना हसला नाही. म्हणाला, "काका, माझ्या हाताने कोणाला लागलं, तर पोलीस काकीच्या भावाकडे येणार. त्याने काय केलं?" दर रविवारी तो फटफटी धुवायचा, चालू करायचा, थोडा वेळ तिच्यावर बसायचा आणि बंद करून चावी खुंटीला लावायचा. पोरं कुंपणाबाहेरून ओरडायची, "अंकल, नागाव आला का?" तो हात हलवायचा.

परदेशी माणसाच्या नावावर गाडी चढवणं म्हणजे काय, ते मला त्याच्याबरोबर आरटीओत गेलो तेव्हा कळलं. व्हिसा हवा, पोलिसांकडची नोंद हवी, कंपनीचं पत्र हवं. सगळं त्याच्याकडे होतं, साफ, एकावर एक लावलेलं. उरला राहण्याचा पत्ता. त्यासाठी माझ्याबरोबरचा भाडेकरार आणि माझ्या घराचा उतारा. मी छाती काढून उभा होतो.

खिडकीतल्या मॅडमने उतारा बघितला. "घरमालक कोण?"

"मी."

"यावर दुसरंच नाव आहे."

"तो माझा बाप."

"मग त्यांना घेऊन या."

"कुठून आणू? त्याला जाळून जमाना झाला."

मॅडम रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "आजोबा, मग आधी घर तरी तुमच्या नावावर करून घ्या. म्हणजे यांची गाडी यांच्या नावावर होईल." बरोबरच बोलली ती. गावठाणातली आमची घरं अशीच. बाप गेला, मी राहिलो, घरपट्टी भरत आलो, नाव बापाचंच. कोणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. पावन्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, नाव कोणाचं?" त्या दिवशी मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "करार पुन्हा लिहू. बापाच्या नावाने मी सही ठोकतो. कोण बघतंय?" आमच्याकडे यात कोणाला काही वाटत नाही. तो पायरीवर बसला. एवढा उंच माणूस पायरीवर बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. म्हणाला, "मेलेला माणूस सही करत नाही, काका."

त्याच आठवड्यात हिचे पाय सुजले. पनवेलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, जपा, जे खायला मागतील ते द्या. असं डॉक्टर कधी म्हणतात ते मला माहीत होतं. घरी येऊन मी पावन्यावर तुटून पडलो. "ती तिकडं मरायला टेकली आणि तुला कागद सुचतात? उचल ती चावी आणि ने तिला! एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

त्याचा चेहरा लाल झाला. उत्तर आलं ते खाटेवरून. "कनाला बोंबलतंस?" ही म्हणाली. "त्यानं सबूद दिलाय, नाव झाला का नेईन. मी थांबंन. चोरावानी कनाला जाऊ माहेराला? तू जा पंचायतीत. तुज्यापायी काम अरलंय."

तिच्या छातीत दोन वाक्यांपुरता वारा नव्हता, तरी तिने एवढं सगळं एका दमात सांगितलं. मग उशीत तोंड घालून धापा टाकत राहिली. पावना तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता. मी दोघांकडे बघत उभा राहिलो. ही दोन माणसं कुठल्या एका शाळेत शिकली, ते मला समजेना.

मग मी पंचायतीत गेलो. जाऊन जाऊन चपला झिजवल्या. बापाच्या मृत्यूचा दाखला काढला, वारसाचा अर्ज लावला. भांडायला भाऊबंद नव्हते, तरी हे काम कधीचं तसंच पडलेलं. पावना सुट्टी काढून माझ्या शेजारी बाकावर बसायचा. तो बसला की ग्रामसेवकाला दुसरं काम सुचत नसे, आणि मला उठून घरी जायची हिंमत होत नसे.

शेवटी ग्रामसेवक म्हणाला, "आता नवरा-बायको दोघांची नावं लागतात घराला. काकींचं पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि अडखळलो. 'अगो'चं नाव काय होतं? माझ्या बाजूने आवाज आला, "मथुरा." आणि पुढे माझं नाव, माझं आडनाव, सगळं नीट. ग्रामसेवक हसायला लागला. "काका, तुमच्या बायकोचं नाव हा परदेशातून येऊन सांगतो?"

घरी येऊन तिला सांगितलं, घर तुझ्यापण नावावर झालं. ती म्हणाली, "मना कनाला? मी कुठं पलून चाललेय?" पण मग बराच वेळ छपराकडे, भिंतींकडे बघत राहिली. लग्न होऊन आली त्या दिवशी बघितलं असेल, तसं.

फटफटी पावन्याच्या नावावर झाल्याचं कार्ड पोस्टाने आलं. तिने ते हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. "तुजा नाव कंचा?" पावन्याने बोट ठेवलं. "नि ह्यो?" तो म्हणाला, "हा पत्ता. तुझं घर." तिने पदराने ते कार्ड पुसलं, देवापुढे ठेवलं आणि मला म्हणाली, "आता पावना कसला? आपले घरचा झाला."

नागावला निघालो त्या दिवशी तिने चाकाखाली लिंबू ठेवलं. केसांत अबोलीचा गजरा माळला. पावन्याने हेल्मेट पुढे केलं. हिने एकदा गजऱ्याला हात लावला, एकदा हेल्मेटकडे बघितलं आणि वाद न घालता गजरा काढून फटफटीच्या हँडलला बांधला. मी रिक्षाने मागे. करंजाच्या धक्क्यापर्यंत तिची पाठ मला दिसत होती. एक हात त्याच्या सदऱ्याला घट्ट, दुसऱ्या हाताने पदर धरलेला, आणि पदर सारखा सुटत होता. धापा टाकणारी बाई ती, पण तिची पाठ ताठ होती.

लाँचमध्ये फटफटी चढवताना खलाशी ओरडला, "ए काकी, यो गोरा कवा पटवलास?"

"तुज्या बापाला इचार," ही म्हणाली. सगळी लाँच हसली. रेवसपर्यंत ती फटफटीला टेकून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण गेली ती माहेर बघून, आपल्या नावाच्या घरातून गेली.

पावना तेव्हा क्रेनवर होता. निरोप मिळाला तसा वरून उतरला आणि तेल लागलेल्या कपड्यांनी आला. मला म्हणाला, "मी धरू?" मी म्हटलं, "धर." आमची माणसं बुटकी. हा ताठ चालला असता तर तिरडी एका बाजूने उचलली गेली असती. म्हणून तो आमच्या दारापासून मसणापर्यंत गुडघे वाकवून चालला. उन्हात, एवढं अंतर, तसाच वाकलेला, तिला जराही कलू न देता. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. मी मोठमोठी माणसं गाडीतून उतरताना बघितली आहेत. त्या चालण्याएवढं मोठं काही बघितलं नाही.

पुढे त्याचं काम संपलं. जायच्या आधी त्याने फटफटी माझ्या नावावर केली. मी म्हटलं, मला चालवता येत नाही. तो म्हणाला, "अंगण तुझं, गाडी तुझी." ती अजून तिथेच उभी आहे. रविवारी मी ती धुतो.

मध्यंतरी ग्रामसेवक दारात आला. चांगला माणूस आहे. खाली बघून म्हणाला, "काका, घरावरून काकींचं नाव कमी करायला लागेल. कधी येता?" मला रात्रभर झोप नाही. सकाळी नातवाला सांगून पावन्याला फोन लावला. तिकडे सगळं बर्फ आहे म्हणाला. मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास, मेलेला माणूस सही करत नाही. आता तू सांग, हिचं नाव काढू का?"

ज्या माणसाने मरणाऱ्या बाईसाठीसुद्धा नियम वाकवला नाही, तो काय सांगणार, मला माहीत होतं.

मग तो म्हणाला, "सही नको मागू तिच्याकडे, काका. पण राहते तर ती तिथेच ना?"

मी फोन ठेवला, सदरा घातला आणि पंचायतीत गेलो. ग्रामसेवकाने नवीन कोरा अर्ज पुढे केला. मी तो त्याच्याकडे परत सरकवला आणि म्हटलं, घरपट्टी भरायला आलोय, पावती फाड. तो म्हणाला, "कोणाच्या नावाने?"

मी म्हटलं, "मथुरा." आणि पुढचं सगळं नाव, न अडखळता.