पडवीतली पिवळी रेघ

स्वतःच्याच घरात स्वतःला प्रवेशबंदी करून घेणारा लोधिवलीतला मी पहिलाच माणूस.

साजगावच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होतो. म्हणजे जमिनीवर पिवळ्या रेघा मारायच्या आणि कामगारांनी त्या ओलांडल्या की ओरडायचं. (त्यांचं ओलांडणं आणि माझं ओरडणं निवृत्तीपर्यंत नियमित चाललं.) त्यामुळे पहिल्या केमोनंतर नर्सबाई सूचना सांगू लागल्या, तेव्हा आजारपणात प्रथमच मला हुरूप आला.

"काका, दोन दिवस औषध शरीरातून बाहेर पडत असतं. झाकण लावून दोनदा फ्लश करा. कपडे वेगळे धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे."

त्या पुढेही बरंच काही सांगत होत्या, पण मी तोवर मनातल्या मनात रंगाचा डबा उघडला होता!

घरी आल्या आल्या माझ्या खोलीच्या दारासमोर, पडवीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळी रेघ मारली. फ्लश करण्यापूर्वी शिट्टी वाजवू लागलो. बायकोला, म्हणजे सुलभाला, कारखान्यातले जाड रबरी हातमोजे दिले, तेही जेवण वाढताना!

"अवो, यानं भाकरी नाय, भट्टीतलं लोखंड उचलतात!" ती म्हणाली आणि भाकरी थेट कालवणात पडली.

शेजारच्या नामदेवने दारातून रेघ पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. आमचं गाव जुन्या हायवेला लागून, त्यामुळे पिवळी रेघ दिसली की रस्तारुंदीची मोजणी आली, असंच आम्हाला वाटतं.

"दादा, रस्ता रुंद व्हतोय का? माजं घर किती जातंय?"

संध्याकाळपर्यंत अर्धी आळी सातबारा घेऊन आमच्या अंगणात हजर!

पण खरी पंचाईत मनीची. मनी म्हणजे माझी चार वर्षांची नात. पूर्वी आंघोळ झाली की ती तडक माझ्या मांडीवर यायची आणि माझे कानावरचे केस धरून बसायची. आता केस गेले होते आणि मांडी रिकामी होती. मी तिला खेळण्यातलं पिवळं हेल्मेट आणि एक शिट्टी दिली, आणि रेघेचा नियम पाठ करून घेतला. ती पायाची बोटं बरोबर रेघेला लावून उभी राहायची.

"आजोबा, टकल्याला एकदा हात लावू?"

"नाय गं बाय. आजोबांच्या अंगात औषध हाय."

"उद्या?"

"उद्या बगू."

नर्सबाईंचे दोन दिवस मी सुरक्षिततेसाठी वाढवत वाढवत तीन महिन्यांवर नेले. दुपारी पडवीत तिचं एकटीचं गुणगुणणं ऐकू यायचं. खरं सांगतो, आजाराची भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त तिच्या केसांच्या खोबरेल तेलाचा वास आठवायचा.

चौथ्या केमोला सुलभानेच विचारलं, "बाई, नातीला कदी जवळ घ्यायचं यांनी?"

"कधी म्हणजे? रोज!" नर्सबाई म्हणाल्या. "मिठीने काही होत नाही. तिला सर्दी-ताप नको आणि हात धुतलेले हवेत, बस. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काकांना!"

सुलभा सावकाश माझ्याकडे वळली. (कारखान्यात एकदा बॉयलर फुटला होता, तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.)

घरी आलो, हात धुतले, रेघेशी गुडघे टेकले आणि हात पसरले. "मने, ये!"

मनी जागची हलली नाही. "रेघ हाय."

"ती आता नाय, बाय."

तिने वाकून पाहिलं. "हाय की!"

मी पत्र्याचा तुकडा आणून रेघ खरवडू लागलो. धाप लागली, पण रेघ ढिम्म! जड गाड्या फिरल्या तरी न निघणारा रंग मीच निवडून आणला होता. शेवटी मीच रेघ ओलांडून तिच्यापुढे बसलो. लगेच शिट्टी वाजली!

"आजोबा, इचारून यायचं!"

"येऊ का गं?"

तिने बराच विचार केला. मग हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, मांडीवर चढली आणि माझ्या टकलावरून हळूच हात फिरवला.

एकोणतीस वर्षांत माझी एकही रेघ कोणी पाळली नाही. जिने पाळली, नेमकी तिच्यासमोरच ती मारायची नव्हती!